आजी-आजोबा परदेशी येतात तेव्हा : सोबत राहणं आणि सोबत फिरणं

खिडकीपाशी :
नमस्कार मंडळी. येत्या उन्हाळ्यात माझे आईबाबा आमच्याकडे येतायत, पहिल्यांदाच. आम्ही दोघं नोकरी करतो, लेक पाच वर्षांची आणि धाकटा सव्वा वर्षाचा. आई ६६, बाबा ७१. आईचे गुडघे दुखतात, बाबांना डायबेटिस आहे आणि बीपीची गोळी चालू आहे, बाकी दोघं तसे ठणठणीत. तीन महिन्यांच्या आसपास राहतील आणि मध्ये आम्ही आठवडाभर रजा काढून सगळे मिळून कुठेतरी फिरायला जायचं म्हणतोय.

प्रश्न दोन आहेत. पहिला घरातला. आम्ही सकाळी बाहेर पडणार, लेक शाळेत, धाकटा पाळणाघरात, मग या दोघांनी दिवसभर करायचं काय? आजूबाजूला बघितलंय की आलेली माणसं एकतर चार भिंतींत कंटाळून जातात नाहीतर पूर्ण वेळ मुलं सांभाळायला जुंपली जातात. मला दोन्ही नकोय. दुसरा प्रवासाचा. लेक हात सोडला की पळत सुटते, धाकट्याला दुपारी झोप लागतेच, आईला जिने नकोत आणि बाबांना सगळं म्हणजे सगळं बघायचंय. या चौघांची मोट बांधून लोक फिरतात कसे? ज्यांनी केलंय त्यांनी तपशिलात लिहा प्लीज. विमान, औषधं, इन्शुरन्स, जे सुचेल ते.

मोरपीस :
वाचतेय. आमचे सासू-सासरे पण यायचेत.

रानवारा :
छान विषय. प्रवासापासून सुरू करतो. जागा कमी आणि मुक्काम जास्त, एवढं एक धरून ठेवा. आठवड्याला एकच ठिकाण, फार फार तर दोन. मुक्काम हलवायचा म्हणजे सहा जणांच्या बॅगा भरणं, बाळाच्या बाटल्या, गोळ्यांचा डबा, चष्मे, चार्जर, नवीन खोली दुपारी तीनला मिळणार म्हणून मधले चार तास सामान घेऊन कुठेतरी टेकायचं, यात अख्खा दिवस जातो आणि थकवा येतो तो वेगळाच.

आमचं गणित असं बसलं की बाळाचा आणि आजीचा दिनक्रम जवळजवळ सारखाच असतो. दोघांना सकाळी लवकर जाग येते, दोघांना जेवण वेळेवर लागतं आणि दुपारी दोघांना आडवं व्हायचं असतं. मग सकाळी एकच मोठी गोष्ट बघायची, जेवायच्या वेळेला मुक्कामी परत. दुपारी ते दोघं झोपतात तेव्हा ज्याला उत्साह आहे त्याने बाहेर पडावं. आमच्याकडे आजोबा आणि मोठा नातू रोज दुपारी निघायचे. शेवटी शेवटी तर नातवाला सकाळच्या कार्यक्रमापेक्षा दुपारचीच ओढ असायची, कारण आजोबा प्रत्येक पुलावर थांबून खालचं पाणी बघू देतात आणि आईबाबा 'चल चल' करतात.

टिपकागद :
मी कागदपत्रांचं लिहितो, कारण सगळे तिकिटांपासून सुरुवात करतात आणि हे मागे राहतं.

१. पासपोर्ट. बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. आईबाबांचे आजच बघा.
२. किती दिवस राहता येईल हे देशागणिक वेगळं. शेंगेन देशांमध्ये (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि 'तीन महिने' म्हणजे ९० दिवस नव्हेत, जुलै-ऑगस्ट लागून आले की ९२ होतात. आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून मोजा. ब्रिटनमध्ये साधारण सहा महिने. अमेरिकेत व्हिसावरची तारीख आणि राहायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी, किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने, आणि ती तारीख ऑनलाइन आय-९४ या प्रवेशनोंदीवर दिसते. कॅनडाचा सुपर व्हिसा (आईवडील आणि आजी-आजोबांसाठीचा) असेल तर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो.
३. सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही मध्ये फिरायला दुसऱ्या देशात जाणार असाल तर व्हिसा सिंगल एंट्री आहे की मल्टिपल हे आधी बघा. सिंगल असेल तर तो व्हिसा जिथे चालतो त्या हद्दीबाहेर पडलं की सहसा तो संपला, परत तुमच्या घरी येता यायचं नाही. तुमच्याकडे तिथला राहायचा परवाना असतो त्यामुळे हा विचार आपल्या डोक्यातच येत नाही.

खिडकीपाशी :
टिपकागद, तिसरा मुद्दा माझ्या खरंच डोक्यात नव्हता. फिरायला शेजारच्या देशात जायचंच चाललं होतं. आज रात्रीच बघते.

चांदणचुरा :
मला एक कळत नाही. आजी-आजोबांना मुलं सांभाळायला 'जुंपणं' वगैरे शब्द का वापरतात लोक? ते नातवंडांसाठीच एवढ्या लांब येतात ना? माझी आई आली तेव्हा आम्ही पाळणाघर बंदच केलं होतं आणि ती इतकी खूश होती. नातीला आंघोळ घालणं, झोपवणं, बागेत नेणं, यासाठी तर ती आली होती. प्रेक्षणीय स्थळं तिला नकोच होती.

सांजवेळ :
चांदणचुरा, तुमच्या आईला आवडलं असेल, सगळ्यांना आवडेलच असं नाही. माझ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत पण परत जाताना त्यांची पाठ धरली होती. दहा किलोचं मूल दिवसातून पंचवीस वेळा उचलायचं म्हणजे काय असतं ते आपल्याला या वयातही जाणवतं, त्यांना तर जाणवणारच.

उंबरठा :
मी यातली आजी आहे म्हणून लिहिते. वय ६९. मुलाकडे आणि मुलीकडे दोन्हीकडे जाऊन राहिलेय, दोघं वेगवेगळ्या देशांत.

नातवंडं सांभाळायला आवडतात. त्यात काही खोटं नाही. पण आम्हाला विचारा, आणि वेळ ठरवून विचारा. "आई, मंगळवार आणि गुरुवारी दुपारी तीन ते सहा बघशील का?" असं विचारलं तर मी आनंदाने हो म्हणते आणि बाकीचे दिवस माझे असतात. आणि "आई आहेच घरी" असं धरून चाललं की तेच काम जड होतं.

दुसरं. आमच्या घरी आम्ही कर्ते असतो. बँक, दवाखाना, भाजी, पाहुणे, सगळं आमच्या हाताने चालतं. मुलांकडे आलो की एका दिवसात पाहुणे होतो. चहाचा कप कुठे ठेवायचा इथपासून विचारावं लागतं. बाहेर पडायचं तर कुणीतरी न्यायला हवं. लोक म्हणतात कंटाळा येतो, पण खरा त्रास कंटाळ्याचा नसतोच, सगळं दुसऱ्याच्या हाती गेल्याचा असतो. माझ्या लेकीने हे ओळखलं. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात घराची किल्ली दिली, बसचा पास दिला, स्थानिक सिम घातलेला फोन दिला आणि पाकिटात सुटे पैसे. पहिले तीन दिवस रोज एकाच रस्त्याने माझ्याबरोबर चालली, घर ते बसस्टॉप, बसस्टॉप ते वाचनालय आणि परत. चौथ्या दिवशी म्हणाली, आज तू एकटी जा, मी घरून काम करतेय, अडलं तर फोन कर. मी गेले आणि आले. त्या दिवसानंतर माझी तिथली राहणीच बदलली.

वाचनालय मुद्दाम लिहिलं. ऊबदार असतं, बसायला मिळतं, स्वच्छतागृह असतं, कुणी हटकत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी लहान मुलांचा गोष्टींचा तास असतो तिथे नातवाला घेऊन जाता येतं. खिडकीपाशी, तुमच्या आईबाबांना सगळ्यात आधी वाचनालयाची वाट दाखवा.

पाऊलवाट :
उंबरठा, किती नेमकं लिहिलंत. किल्लीचा मुद्दा तर एकदम पटला. आमच्याकडे दाराला कोड आहे, बाबांना तो लक्षात राहीना, तेव्हा आम्ही सरळ किल्लीचं कुलूप बसवून घेतलं. त्यांचं फिरणं लगेच वाढलं.

त्यात माझी भर. एका कार्डावर घराचा पत्ता, आमचे दोघांचे नंबर, त्यांचा रक्तगट आणि औषधांची नावं लिहून दोघांच्या पाकिटात ठेवलं. फ्रिजवर आपत्कालीन नंबर मोठ्या अक्षरात. युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. स्मोक अलार्म वाजला तर काय करायचं ते पण एकदा वाजवून दाखवा, पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस घाबरून जातो.

आणि रस्ता ओलांडणं! जिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात तिथे जन्मभराच्या सवयीने मान आधी उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते. बरोबर नातवंड असेल तर अजूनच काळजी. आम्ही नियम केला, सिग्नल असेल तिथूनच ओलांडायचं, मग लांबून वळसा पडला तरी चालेल. आमच्या पाच वर्षांच्या मुलाने ही जबाबदारी इतकी मनावर घेतली की तोच आजोबांचा हात धरून "अजून लाल आहे" म्हणून थांबवायचा.

लंबक :
विमानाचं कुणीतरी बोला. आमच्या वडिलांनी व्हीलचेअर घ्यायला साफ नकार दिलाय. "मी काय आजारी आहे का?" म्हणतात. आईची घेतली तर तिच्याबरोबर जाऊ देतात ना?

गोधडी :
लंबक, एकाच तिकिटावर असतील तर सहसा बरोबरच नेतात, तरी बुकिंग करताना दोघांची नोंद करा. मी डॉक्टर आहे त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, खिडकीपाशींनाही उपयोगी पडेल.

व्हीलचेअर आजारासाठी नसते, अंतरासाठी असते. मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत सहज दोनेक किलोमीटर चालणं होतं आणि इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागू शकतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. सहसा पैसे पडत नाहीत. वडिलांना असं सांगा की बरोबरचा माणूस फॉर्म, रांग, बदलायचं गेट सगळं बघतो. परक्या विमानतळावर भाषा येत नसली की ही सोबत फार मोलाची असते.

विमानातली हवा कोरडी असते, आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांच्या खाली, आणि केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तिकीट काढायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा अहवाल आहे यावर. मुळात धोका कमी आहे, सुमारे सहा हजारांत एक, पण वय, जाडी, आधी गुठळी झालेली असणं यांनी वाढतो. वाटेच्या कडेची सीट घ्या, तासा-दीड तासाने उठून चाला, बसल्या बसल्या घोटे वरखाली करत राहा. पायातले घट्ट स्टॉकिंग डॉक्टरांना विचारून आणि माप घेऊन.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये नाही, बॅग हरवली तर परदेशात तीच गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. राहणार त्यापेक्षा दोनेक आठवड्यांची जास्त. मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरांकडून टाइप केलेली चिठ्ठी घ्या ज्यात ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव असेल, कारण ब्रँडची नावं प्रत्येक देशात वेगळी असतात. इन्सुलिन असेल तर तेही केबिनमध्ये, चेक-इन सामानाच्या कप्प्यात गोठलं तर ते निकामी होतं. साध्या वाटणाऱ्या औषधांवरही काही देशांत निर्बंध आहेत, उदाहरणार्थ कोडीन असलेली खोकल्याची औषधं संयुक्त अरब अमिरातीत, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन जपानमध्ये. म्हणून नेहमीची सर्दी-खोकल्याची पुरचुंडी बांधायच्या आधी त्या देशाची यादी बघा.

आता तुमच्या बाबांसाठी खास. डायबेटिस असलेल्या माणसाने प्रवासाच्या तोंडावर नवे बूट घेऊ नयेत. फिरायला गेल्यावर रोजच्यापेक्षा तिप्पट चालणं होतं, पायाची संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळत नाही आणि तो चिघळतो. रोज रात्री पाय धुवून, कोरडे करून, तळवे आणि बोटांमधल्या फटी नीट बघायच्या. त्यांना वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघा. वेळ बदलल्यावर गोळ्या कुठल्या वेळेला घ्यायच्या तेही निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. विमानातलं जेवण उशिरा आलं तर साखर उतरू नये म्हणून जवळ काहीतरी खायला असू द्या.

मोरपीस :
गोधडी, खूप धन्यवाद. पायांचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

कोरीपाटी :
इन्शुरन्सचं मी सांगते, या क्षेत्रात काम केलंय. पॉलिसी घेताना तीन ओळी शोधून वाचा. एक, आधीपासूनच्या आजाराला कव्हर आहे का आणि कितपत. बऱ्याच पॉलिसी डायबेटिस-बीपीचे नेहमीचे उपचार देत नाहीत, अचानक उद्भवलं तरच देतात आणि त्यालाही मर्यादा. दोन, वयाची अट. ७० नंतर कव्हरची रक्कम बऱ्याचदा खाली येते आणि बाबा ७१ आहेत. तीन, कुठल्या कुठल्या देशांत चालते. तुम्ही शेजारच्या देशात जाणार तर तो यादीत हवा. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं, पण तो व्हिसापुरता किमान आकडा आहे, हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर तो पुरेलच असं नाही. आणि आजार अजिबात लपवू नका. पॉलिसी स्वस्तात मिळेल पण नेमक्या वेळेला क्लेम नाकारतील.

सांजवेळ :
धाकटं बाळ असेल तर लसीकरणाचंही बघा. आमच्याकडे बाळ अगदी तान्हं होतं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आजी-आजोबांना डांग्या खोकल्याची लस येण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायला सांगितली होती. फ्लूची पण. आणि फ्लूचा मोसम उत्तर आणि दक्षिण गोलार्धात उलटा असतो हे लक्षात असू द्या.

रानवारा :
गाडीबद्दल लिहायचं राहिलं होतं. तुम्ही सहा जण. पाच सीटची गाडी बाद. पण सात सीटची घेताना पण दोन गोष्टी. तिसरी रांग उघडली की डिकी उरतच नाही, बाबागाडी आणि सहा जणांच्या बॅगा कुठे ठेवणार? आणि तिसऱ्या रांगेत जायला पुढची सीट वाकवून आत घुसावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमणारं नाही. आमची रचना अशी, मधल्या रांगेत आजी-आजोबा आणि त्यांच्या शेजारी बाळाची सीट, मागे मोठा मुलगा बूस्टरवर (उंची वाढवणाऱ्या मुलांच्या सीटवर) आणि त्याच्याजवळ आम्ही दोघांपैकी एक. बाळ आजीच्या हाताला लागून असलं की प्रवासभर शांत. नवीन गाडीत कारसीट पक्की बसतेय का ते गाडी घेताना तिथेच तपासा, बाहेर रस्त्यावर नाही.

रेल्वे जमत असेल तर मात्र मी डोळे मिटून रेल्वे म्हणेन. उठून चालता येतं, स्वच्छतागृह असतं, आजोबा खिडकीशी आणि मुलं त्यांच्या मांडीवर.

मोरपीस :
आमच्या मागच्या प्रवासात आजोबा आणि नातू दोघंही "अजून किती लांब?" विचारत होते. एकाला उत्तर दिलं की दहा मिनिटांनी दुसरा. शेवटी नवऱ्याने नकाशा छापून दोघांच्या हातात दिला आणि गाव गेलं की खूण करायला सांगितलं. नंतर तीन तास दोघं गप्प, आणि उतरल्यावर सगळ्या गावांची नावं पाठ!

लंबक :
नकाशाची आयडिया भारी आहे.

चांदणचुरा :
राहण्याचं काय करता? आम्ही कायम मोठं अपार्टमेंट घेतो. स्वयंपाकघर असतं, मुलं झोपल्यावर सगळे बसून गप्पा मारतात. हॉटेलात वेगवेगळ्या खोल्यांत विखुरलं की मग एकत्र जाण्यात काय मजा.

पाऊलवाट :
मी इथे असहमत. अपार्टमेंट म्हटलं की आई स्वयंपाकघरात शिरते. सुट्टीवर जाऊनही तिच्या हातात लाटणं नाहीतर भांडी. आम्ही शेजारशेजारच्या खोल्या घेतो, मधून दार असलेल्या. त्यांना लवकर झोपायचं असतं, बाळ रात्री उठतं, प्रत्येकाला आपली बाथरूम मिळते. दिवसभर एकत्रच असतो की.

उंबरठा :
दोघांचं बरोबर आहे, पण मला विचाराल तर वेगळी खोली. रात्री आम्हा दोघांनाही दिवसभरात काय बघितलं ते आपापसात बोलायचं असतं. आणि काही वेळा मुलांवर रागावलेलो असतो तेही बोलायचं असतं, स्मित.

गोधडी :
जिथे कुठे राहाल तिथे बाथरूमचा फोटो मागवा. बाथटबच्या कडेवरून पाय टाकून आत जायचं आणि ओल्या गुळगुळीत तळावर उभं राहायचं हे सत्तरीच्या माणसाला धोक्याचं. सपाट शॉवर बघा, नाहीतर रबरी मॅट बरोबर न्या. रात्री बाथरूमकडे जायच्या वाटेवर छोटा दिवा. तुमच्या स्वतःच्या घरातही हे आधीच करून ठेवा. परक्या घरात रात्री अंधारात उठून पडणं फार बघितलंय मी.

आणि बाबांना सगळं बघायचंय म्हणालात म्हणून, डोंगरावर जाणार असाल तर उंची बघा. साधारण अडीच हजार मीटरच्या वर काही जणांना विरळ हवेचा त्रास होतो, डोकं दुखणं, मळमळ, धाप. स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि रेल्वे थेट वर नेऊन सोडते, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. सव्वा वर्षाच्या बाळालाही इतक्या झटपट इतक्या उंचीवर नेऊ नये, ते बिचारं सांगू पण शकत नाही काय होतंय.

कोरीपाटी :
जरा वेगळं. एखाद दिवस आजी-आजोबांनी एकट्यांनीच नातवंडांना घेऊन कुठे जायचं असेल तर गावातल्या गावात काही प्रश्न नाही, पण सीमा ओलांडायची असेल तर आईबाप दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागू शकतं. नोटराइज केलेलं असलं तर उत्तम. आणि गावातही एक साधं पत्र त्यांच्याजवळ असू द्या, मुलाला काही लागलं तर दवाखान्यात नेण्याची परवानगी आहे म्हणून.

टिपकागद :
कोरीपाटींना अनुमोदन. त्याला जोडून, विमानतळावर अधिकाऱ्याने कशासाठी आलात विचारलं तर खरं आणि साधं उत्तर द्या, मुलीला आणि नातवंडांना भेटायला, मग आठवडाभर फिरणार, अमुक तारखेला परत. 'मुलं सांभाळायला' म्हटलं की काही देशांत ते काम धरलं जातं आणि व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. म्हणून पाळणाघर चालू ठेवायचा तुमचा विचार या दृष्टीनेही बरा आहे. परतीचं तिकीट, तुमचा पत्ता आणि फोन कागदावर छापलेला हवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

चांदणचुरा :
हे मला माहीत नव्हतं. उंबरठाताईंचं वाचून आईला काल फोन केला होता, मुद्दाम विचारलं. म्हणाली, आवडलं होतंच गं, पण रोज एक तास तरी एकटीने फिरून यायला मिळालं असतं तर अजून आवडलं असतं. पुढच्या वेळी पाळणाघर अर्धा दिवस ठेवणार आहोत.

लंबक :
जेट लॅगचं काय? आमच्याकडे पहिला आठवडा आजोबा पहाटे तीनला आंघोळ करून तयार.

गोधडी :
ढोबळ मानाने जितक्या तासांचा फरक तितके दिवस लागतात, आणि पूर्वेकडे प्रवास केला की जरा जास्त. उजेडाने लवकर बसतं. पश्चिमेकडे आलेत तर संध्याकाळी बाहेर उजेडात फिरवा, लवकर झोपू देऊ नका. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. आठ-दहा तासांचा फरक असेल तर फिरायला जायचा बेत निदान दोन आठवड्यांनंतरचा ठेवा.

खिडकीपाशी :
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवला, व्हिडिओ कॉलवर. उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचताना आई मध्येच म्हणाली, हे परत वाच. मग तिने स्वतःहून सांगितलं की सोमवार-बुधवार लेकीला शाळेतून ती आणेल, शाळा चालत सहा मिनिटांवर आहे. बाबांनी ग्रंथालयाचा रस्ता आत्ताच नकाशावर बघून ठेवलाय आणि वाटेत किती बाकडी आहेत ते मला मोजून कळवायला सांगितलंय, आईसाठी. रविवारी लेकीला घेऊन जाऊन मोजणार आहे, तिला हे काम फार महत्त्वाचं वाटतंय.

प्रवासाचं असं ठरतंय. एकच गाव, तळ्याकाठी, पाच रात्री. शेजारच्या दोन खोल्या. जायला-यायला रेल्वे. उंच डोंगराचा बेत सोडला, त्याऐवजी बोट. एक पूर्ण दिवस बाबांचा, त्या दिवशी काय बघायचं ते फक्त ते ठरवणार आणि त्यांच्याबरोबर मी एकटी जाणार, बाकीचे मुक्कामी. लग्न झाल्यापासून बाबांबरोबर एकटीने कुठे गेलेच नाहीये, त्यामुळे त्या दिवसाची वाट मीच जास्त बघतेय.

व्हिसा अजून काढायचाय, मल्टिपल एंट्री मागणार. एक शेवटची शंका. तिकिटं बघतेय त्यात स्वस्त पर्यायात दोन वेगवेगळी बुकिंग आहेत आणि मध्ये तिसऱ्या देशात विमान बदलायचंय, पाच तास. आईबाबांना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागेल का?

टिपकागद :
वेगवेगळी बुकिंग असतील तर बहुतेक लागेल, कारण सामान पहिल्या विमानापुरतंच चेक-इन होतं. ते बाहेर येऊन घ्यायचं, परत जमा करायचं, म्हणजे इमिग्रेशन ओलांडणं आलं. एकाच बुकिंगवर असेल आणि सामान शेवटपर्यंत जात असेल तर पुष्कळ विमानतळांवर आतल्या आत बदलता येतं, तरी काही देश ठरावीक पासपोर्टधारकांना त्यालाही व्हिसा लावतात. अमेरिकेतून बदलत असाल तर नुसत्या ट्रान्झिटला पण व्हिसा लागतोच. शिवाय वेगळ्या बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि व्हीलचेअरची नोंद दोन्हीकडे स्वतंत्र करावी लागते. दोघं पहिल्यांदा येतायत, थोडे जास्त पडले तरी एकाच बुकिंगचं घ्या. जमलं तर थेट विमानाचं.

खिडकीपाशी :
थेट विमान आहे, आठवड्यातून तीन दिवस. तेच घेते. गोधडी, वाटेच्या कडेच्या दोन सीट एकमेकांसमोर मिळतायत, मधून वाट. चालेल ना?

गोधडी :
उत्तम. दोघांनाही उठता येईल आणि एकमेकांना उठवताही येईल.